व्हॉल्व्हमनशी भांडता येतं

गेल्या पावसाळ्यात बेळगावात वीजबिल भरायच्या रांगेत उभा होतो. खाकी शर्टातले दोन कामगार रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एकेक पत्रक देत होते. माझ्या पुढे वडगावच्या एक आजी होत्या. त्यांनी पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय लिवलंय गा ह्यात?" मी वाचून सांगितलं की वीज खासगी कंपनीच्या हातात जाऊ देऊ नका, आमच्या पाठीशी उभे राहा, असं लिहिलंय. आजी म्हणाल्या, "ऱ्हातो की उभं. पण मला सांगितलंय कुठं?" मग त्या कागदाची घडी करून त्यांनी त्यात सुट्टे पैसे गुंडाळले.

पत्रक सगळं कन्नडमध्ये होतं. त्यातला मजकूर बरोबर होता, मागण्या बरोबर होत्या, शेवटी 'ग्राहक बांधवांनो, ही लढाई तुमचीही आहे' अशा अर्थाची ओळसुद्धा होती. फक्त ज्या ग्राहकांना हाक मारली होती त्यातल्या निम्म्यांना ती ऐकू येत नव्हती. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे आणि ती दोन्हीकडच्या मित्रांना आवडणार नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाने खासगीकरणाविरुद्धच्या लढ्यात उतरलं पाहिजे, तेही कामगारांवर उपकार म्हणून नव्हे, स्वतःच्या भाषेसाठी. आणि कामगार संघटनांना तो हवा असेल, तर त्यांनी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललं पाहिजे.

खासगीकरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कचेरीला कुलूप आणि दारावर नवी पाटी येते. तसं फार क्वचित घडतं. पाटी तीच राहते. आधी शिपाई कंत्राटी होतो, मग मीटर वाचणारा, मग व्हॉल्व्ह फिरवणारा, मग ड्रायव्हर. शेवटी खात्यात उरतात सह्या करणारे साहेब आणि निविदा. कुणी विचारलं तर सांगायला मोकळे, की खासगीकरण कुठाय, खातं तर सरकारीच आहे! आमची हेस्कॉम आजही सरकारी कंपनी आहे. जुन्या वीज मंडळाचं १९९९ मध्ये महामंडळ झालं, २००२ मध्ये वितरणाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, त्यातली ही एक, हुबळीत बसणारी. मालक सरकारच. पण कंपनी म्हणून वेगळी काढलेली वस्तू उद्या विकायला सोपी असते, हे वीज कामगार सांगतात तेव्हा ते उगाच भीती घालत नसतात. ओडिशाने १९९९ मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे दिलं. त्याच वर्षीच्या चक्रीवादळानंतर मध्य ओडिशाची अमेरिकी कंपनी अंग काढून निघून गेली, बाकीच्या तीन कंपन्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द करावे लागले, आणि तरीही पुढे सगळं पुन्हा एका खासगी समूहाकडेच गेलं.

आता दिल्लीत जे वीज दुरुस्ती विधेयक घोळतंय त्याची गोम साधी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ते लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि २०२५ मध्ये नव्या मसुद्याच्या रूपाने परत आलं. खांब आणि तारा सरकारी कंपनीच्या, त्यावरून वीज विकायला दुसऱ्या कंपन्या. नवी कंपनी कुठे जाईल? उद्यमबागच्या फौंड्रीकडे जाईल, मॉलकडे जाईल. खानापूरच्या जंगलातल्या शेवटच्या खांबावरच्या तीन घरांकडे ती कशाला फिरकेल? आमच्याकडे दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला वीज फुकट आहे, वडगाव-खासबागच्या यंत्रमागाला सवलत आहे, घरगुती ग्राहकाला गृहज्योतीतून दोनशे युनिटपर्यंत माफी आहे. ह्याचा काही भार सरकारी तिजोरी उचलते, काही चढ्या दराने बिल भरणारे मोठे ग्राहक. ते मोठे ग्राहक उचलून नेले, की मागे राहतो तोटा. मग तोट्यातलं खातं कशाला पोसायचं, असा अग्रलेख लिहायला लोक तयारच असतात.

महाराष्ट्रात जानेवारी २०२३ मध्ये हेच झालं. अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप, ठाणे, नवी मुंबई ह्या पट्ट्यात समांतर वितरणाचा परवाना मागितला. तीसेक संघटना एकत्र आल्या, ४ जानेवारीपासून बहात्तर तासांचा संप पुकारला, आणि त्याच दिवशी ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीसांनी खासगीकरण करणार नाही असं आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. ही बातमी आमच्याकडच्या मराठी घरांत लोकांनी टीव्हीवर बघितली, कौतुकही केलं. पण आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या तारेशी तिचं काही नातं आहे असं कुणाला वाटलं नाही.

पाण्याचं प्रकरण जास्त घराजवळचं आहे, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो.

राकसकोप आणि हिडकल ह्या दोन जलाशयांच्या जिवावर बेळगाव जगतं. (बोर्डावर २०१४ पासून भले 'बेळगावी' लिहिलेलं असो, मी बेळगावच म्हणणार.) जागतिक बँकेने २००४ मध्ये कर्नाटकाला शहरी पाणीपुरवठ्यासाठी कर्ज मंजूर केलं. त्यातून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा ह्या शहरांच्या सुमारे दहा टक्के भागात चोवीस तास पाणी देऊन दाखवायचं ठरलं, आणि ते काम एका फ्रेंच कंपनीकडे गेलं. त्या भागांत २००८ पासून खरोखरच चोवीस तास पाणी आलं, हे कबूल केलं पाहिजे. तिथे राहणाऱ्या माझ्या आत्याला खासगीकरणाच्या विरोधात काही सांगायला गेलं, की ती नळ सोडून दाखवायची. तिच्यापुढे माझं काही चालायचं नाही.

पण त्या दहा टक्क्यांतला पैसा कुणाचा होता? कंपनीने स्वतःच्या खिशातून जलवाहिन्या टाकल्या नव्हत्या. कर्ज सार्वजनिक होतं, फेडायचं आपण, जमीन आणि धरण आपलं. कंपनी व्यवस्थापनाची फी घेत होती. हाच पैसा आणि हीच मोकळीक महापालिकेच्या इंजिनिअरांना दिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. उरलेल्या नव्वद टक्क्यांत आम्ही घागरी आणि ड्रम भरून ठेवत, पाणी आज येणार की परवा, ह्याची चर्चा करत राहिलो. २०२१ पासून सगळ्या शहराची व्यवस्था एका बड्या कंपनीकडे आहे. चोवीस तासांची वाट अजून बघतोच आहोत.

त्या काळात आम्ही काय करत होतो, ते सांगितलं पाहिजे. २००५ साली महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांना बेंगळुरात काळं फासलं गेलं. सरकारने महापालिका बरखास्त केली. सगळं शहर पेटून उठलं होतं आणि ते समजण्यासारखंही होतं, मी स्वतः त्या मोर्चांत होतो. पण पाण्याच्या कराराबद्दल तेव्हा आमच्या गल्लीत एक शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही. ज्या सभागृहात उभं राहून नगरसेवकाने 'हा करार दाखवा' म्हणायचं, ते सभागृहच राहिलं नव्हतं. बरखास्तीचं पाप सरकारचं, ह्यात मला शंका नाही. तरीही भाषेच्या भांडणात गुंतलेलं शहर आपल्या नळाकडे बघायचं विसरलं, हेही खरंच.

आता माझा मुख्य मुद्दा.

आमच्या गल्लीतला जुना व्हॉल्व्हमन कन्नड होता. मराठी मोडकंतोडकं बोलायचा. पाणी आलं नाही की बायका त्याला कोपऱ्यावर गाठायच्या, "आज का सोडलं न्हाईस गा?" म्हणून फैलावर घ्यायच्या. तो आधी कन्नडमध्ये चिडायचा, मग मराठीत समजूत घालायचा. त्याच्यावर वॉर्डाचा नगरसेवक होता, त्याच्यावर आयुक्त, आणि मराठीतून लिहिलेला अर्ज निदान आवक-जावक वहीत चढायचा. आता एक दूरध्वनी क्रमांक आहे. कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. मराठीसाठी काय दाबायचं?

सीमाभागातली मराठी माणसं गेली कित्येक दशकं काय मागत आली आहेत? महाराष्ट्रात जाण्याची मागणी तर आहेच. २००४ पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि महाराष्ट्राने ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे. पण रोजच्या व्यवहारातली मागणी वेगळी आहे: आम्हाला मराठीतून परिपत्रकं द्या, उतारे द्या, फलक लावा. तिचा आधार कुठे आहे? पंधरा टक्के किंवा अधिक अल्पभाषिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने मान्य केलेल्या संरक्षणाच्या यादीत आहे. घटनेचं कलम ३५० अ मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल बोलतं, ३५० ब भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्ताबद्दल. ही सगळी कलमं सरकारशी बोलतात. राज्याशी, पालिकेशी, तहसीलदाराशी. कंत्राटदाराशी त्यांचं काही बोलणं नाही. ज्या दिवशी पाणीपट्टीचं बिल एखादी कंपनी छापते, त्या दिवशी 'मराठीतून द्या' म्हणायला दारच उरत नाही. सरकार पाळत नाही ते पाळत नाहीच, मान्य. निदान त्याला कोर्टात खेचता येतं, निवडणुकीत पाडता येतं, आयुक्ताकडे तक्रार करता येते. कंपनीच्या निविदेत भाषेचं कलमच नसेल, तर पाळलं नाही असं म्हणणार तरी कुणाला?

शाळेकडे बघा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आजही ज्या मराठी प्राथमिक शाळा चालतात, त्यांतल्या कितीतरी कर्नाटक सरकारच्या आहेत. ह्याचं आम्हाला विचित्र वाटतं, ज्याच्याशी भांडतो त्याच्याच शाळेत आमची बाराखडी शिकून होते. पण खासगी इंग्रजी शाळेत मराठी शोधून दाखवा. तिथे इंग्रजी आहे, कायद्याने कन्नड आहे, तिसरी भाषा बहुतेक हिंदी. पटसंख्या घटली म्हणून सरकारी मराठी शाळा बंद पडते, तेव्हा कुणी आदेश काढून तिचं खासगीकरण करत नाही. आम्हीच पोरांचा हात धरून ते करतो. संध्याकाळी भाषेच्या मेळाव्याला जातो.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला हलका वाटत नाही. आमचा एक मित्र म्हणतो, "त्या खात्यांत आपलं कोण आहे? कन्नडची परीक्षा लावून आपल्या पोरांना बाहेर ठेवलं. त्यांच्या नोकऱ्या वाचवायला आम्ही का मोर्चात जायचं?" ह्यात कडवटपणा आहे आणि तो कमावलेला आहे. कचेरीत मराठी बोललं म्हणून अपमान झालेला माणूस त्याच कचेरीच्या रक्षणाला सहज जात नाही. पण मी त्याला विचारतो, कंत्राटदाराकडे तुझी पोरं कुठल्या पगारावर जाणार आहेत? तिथे आरक्षण नाही, रोस्टर नाही, आज ठेवलं उद्या काढलं. सफाई कामगारांचंच बघ. त्यांच्यात मराठी बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत, दोन्ही बोलणारे तर पुष्कळ. वर्षानुवर्षं ते कंत्राटावर राबले. जुलै २०२२ मध्ये राज्यभर झाडू खाली ठेवले, चार दिवस शहरांतला कचरा जागचा हलला नाही, आणि त्याच वर्षी सरकारने ११,१३३ पौरकार्मिकांना कायम करण्याचा निर्णय घेतला. नोकरीचं दार उघडायचं असेल तर आधी ते दार भिंतीत असावं लागतं.

मित्राला हे पटलं असं नाही. "बघू" म्हणाला.

संघटनांचा दोष मात्र कमी नाही, आणि तो फक्त पत्रकाच्या भाषेचा नाही. वर्षानुवर्षं त्यांनी लोकांकडे पगारवाढीच्या संपाच्या दिवशीच पाहिलं. एरवी खिडकीपलीकडचा माणूस 'जेवणाची सुट्टी' म्हणून जाळी ओढून घ्यायचा, आणि संप आला की आम्ही एकदम 'ग्राहक बांधव' व्हायचो. लाइन तुटली असताना लाइनमन आला नाही, हे आजीला वीस वर्षं आठवतं. 'सरकारी म्हणजे तसंच' हे वाक्य आधी लोकांच्या तोंडात बसलं, आणि त्या वाक्याच्या आधाराने खासगीकरण आत आलं. सेवा चांगली करायची मागणी आणि सेवा सार्वजनिक ठेवायची मागणी एकाच पत्रकात नसेल, तर ते पत्रक सुट्टे पैसे गुंडाळायच्याच कामाचं.

बसकडे बघितलं की हे सगळं एकत्र दिसतं. एप्रिल २०२१ मध्ये कर्नाटकातल्या परिवहन कामगारांनी सहाव्या वेतन आयोगासाठी पंधरवडाभर गाड्या थांबवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस महाराष्ट्रात एसटीचा संप सुरू झाला, महामंडळ शासनात विलीन करण्याच्या मागणीसाठी, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे, एका वर्षात, एकाच धंद्यातली माणसं एकाच प्रकारची मागणी करत होती. आमच्या बसस्थानकावर दोन्ही वेळा लोक तेच म्हणत होते, ह्यांना पगार कशाला पाहिजे, खासगी करून टाका. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये काय झालं? बाळेकुंद्रीजवळ एका वाहकाला मारहाण झाली, मराठी बोलला नाही म्हणून, असं सांगितलं गेलं. मग तिकडे चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं. दोन्ही राज्यांच्या गाड्या सीमेवर थांबल्या. खासगी बसवाले मात्र त्या दिवसांत उपाशी राहिले नसतील, एवढा अंदाज बांधायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. मार खाल्लेले दोघेही महामंडळाचे नोकर होते. कणकुंबीच्या मुक्कामाच्या गाडीला ड्रायव्हर कन्नड असला म्हणून जांबोटीच्या पोरीचं कॉलेज चुकत नाही, गाडीच बंद झाली तर चुकतं. शक्ती योजनेत २०२३ पासून बायकांना फुकट प्रवास आहे, तोही महामंडळाच्या बसमध्ये. वडापच्या जीपमध्ये नाही.

भाषेची लढाई आणि सेवेची लढाई ह्या दोन वेगळ्या लोकांनी लढायच्या गोष्टी आहेत, हा समज कुठून आला कोण जाणे. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात रस्त्यांच्या खासगी प्रकल्पाचा टोल लोकांनी भरायला नकार दिला, वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो रद्द करून घेतला. त्या लढ्यात पुढे होते एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. पानसरे तो निकाल बघायला उरले नाहीत. आणि हेच एन. डी. सीमाप्रश्नावर आमच्या बाजूने आयुष्यभर उभे राहिले, एन्रॉनच्या वीज कराराविरुद्धही तेच लढले. त्यांना ह्यात विसंगती दिसली नाही. ते १७ जानेवारी २०२२ ला गेले. १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना आम्ही अभिवादन करतो तो हा दिवस. दरवर्षी आम्ही एन. डीं.चं नाव घेतो ते सीमाप्रश्नापुरतं, टोल आणि एन्रॉन तेवढे गाळून.

निपाणीचं उदाहरण तर आमच्याच जिल्ह्यातलं. १९८० च्या आसपास तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांनी तिथे संघटना बांधली. त्या वखारी खासगीच होत्या, म्हणजे सरकार मध्ये नसलं की मजुराचं काय होतं, हे शिकायला त्यांना पुस्तक लागलं नाही. घोषणा कुठल्या भाषेत द्यायची ह्यावरून त्यांचा मोर्चा अडला नाही.

दर डिसेंबरला इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, परवानगी मिळो न मिळो. त्याच दिवसांत महामार्गाकडेच्या मोकळ्या जागेत तंबू पडतात: अंगणवाडी सेविका, आशा, कंत्राटी कामगार, शेतकरी, राज्यभरातून आलेले. रात्री थंडीत शेकोट्या पेटतात. मेळाव्यातला माणूस तंबूत जात नाही, तंबूतल्याला मेळावा म्हणजे काय ते माहीत नसतं. मधलं अंतर रिक्षाने फार तर अर्ध्या तासाचं. आता नवी कामगार संहिता लागू झाली आहे, कुठल्याही उद्योगात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागेल. त्या चौदा दिवसांत सरकार आणि मालक तयारी करतील. संघटनांनी तेवढ्या वेळात काय करायचं? निदान घरोघर जाऊन बोलता येईल, आणि त्यातली बरीच घरं मराठी आहेत.

पत्रकाच्या त्या प्रसंगानंतर मी त्या संघटनेच्या कचेरीत गेलो आणि मराठी करून देतो म्हणालो. त्यांनी चहा पाजला, आनंदाने हो म्हणाले. मजकूर तासाभरात झाला. लाइनमनला लाइनमनच ठेवलं, 'तंतुमार्ग सेवक' वगैरे काही केलं नाही. अडलं ते पहिल्या ओळीवर. मी 'बेळगावच्या नागरिकांनो' लिहिलं होतं. तिथल्या तरुण चिटणीसाने नम्रपणे सांगितलं, "सर, बेळगावी करा, नाहीतर आमचीच माणसं वाटायची नाहीत." मी म्हटलं, बेळगावी केलं तर आमची माणसं घ्यायची नाहीत. दोघेही गंभीर होतो. चहा पुन्हा आला. शेवटी कोपऱ्यात मीटरची यादी तपासत बसलेला एक म्हातारा कामगार कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला. चिटणीस हसला आणि माझ्या कागदावर शहराचं नाव खोडून त्याने स्वतःच्या हाताने, वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलं: 'ह्या तारेखालच्या लोकांनो'.

पाचशे प्रती छापल्या. वडगावच्या आजींची मी नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि वर तारेकडे बघितलं.